कुत्र्याला हाडूक : शिजवलेलं, कच्चं आणि कधीच देऊ नये असं

मागच्या महिन्यात चिकोडीकडच्या एका वाचक भगिनींचा फोन आला. त्यांच्या मुलाने कुत्रं पाळलंय. कुणी सांगतं कच्चं हाड द्या, दात चांगले राहतात. कुणी सांगतं कच्चं दिलं की कुत्रं चावरं होतं, शिजवूनच द्या. "मॅडम, नेमकं काय द्यायचं?" असा त्यांचा प्रश्न होता. मी कॉलेजात मराठी शिकवते, पशुवैद्य नाही. पण हा प्रश्न माझ्या दोन्ही घरांत वर्षानुवर्षं पडत आला आहे, आणि त्यापायी मी डॉक्टरांना बरंच विचारलंय, वाचलंयही. म्हणून आजचा लेख त्यावर.

माझं माहेर सौंसरचं आणि सासर आपल्या सीमाभागातलं, हे नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहेच. नव्या वाचकांसाठी सांगते. सौंसर आणि पांढुर्णा हे नागपूरच्या वरच्या अंगाला, मध्य प्रदेशात येणारे तालुके. २०२३ साली छिंदवाड्यातून वेगळा होऊन पांढुर्णा हा जिल्हा झाला आणि त्यात हे दोन तालुके आले. सरकारी कागद हिंदीत, घरातली बोली मराठी आणि शेतात संत्र्याच्या बागा. आपल्याकडे जसं एकाच ओट्यावर मराठी आणि कानडी नांदतात, तसंच तिकडे मराठी आणि हिंदी. जेवणं उरकली की हाडांची परात उचलताना माझी आई म्हणते, "कुत्र्याले टाकून दे." इकडे सासूबाई म्हणतात, "नायिगे हाकु." दोन भाषा, वाक्य एकच. दोन्हीकडे परातीत असतं तेही एकच : शिजवलेलं हाड. आणि नेमकं तेच कुत्र्याला द्यायचं नसतं.

करीचा दिवस

तिकडे या गोष्टीला एक ठरलेला दिवस आहे. पिठोरी अमावस्येला पोळा होतो. बैलांना सजवून तोरणाखाली नेतात, घरोघरी पुरणपोळी होते. दुसरा दिवस करीचा. पांढुर्ण्यात त्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा आणि सावरगाव अशा दोन बाजूंची गोटमार होते. तिच्याविषयी वर्तमानपत्रांत दरवर्षी येतं, म्हणून इथे लिहीत नाही. पण त्याच दिवशी घरोघरी मटण असतं, ते मात्र बातमीत येत नाही. सकाळपासून खाटकाच्या दुकानासमोर रांग लागते. खेड्यांत चार-सहा घरं मिळून बोकड घेतात, शेतात किंवा वाड्यामागे कापतात आणि वाटे घालतात. आपल्याकडे गावजत्रेला होतं, अगदी तसंच.

त्या दिवशी गावातल्या कुत्र्यांची चंगळ असते. सकाळी कापतानाच आतडी, फुप्फुसं, गाठी असलेलं, नको असलेलं सगळं त्यांच्यापुढे पडतं. दुपारी आणि रात्री रश्श्यातली हाडं पडतात. म्हणजे एकाच दिवसात कुत्र्याला तीन प्रकारचं खाणं मिळतं. कापतानाचं कच्चं हाड, कच्चा कोथळा आणि शिजलेलं हाड. आपल्या मनात यांची क्रमवारी पक्की असते. शिजलेलं सगळ्यात बरं, कच्चं हाड वाईट आणि कोथळा म्हणजे कुत्र्याचं हक्काचं खाणं. प्रत्यक्षात पहिला आणि तिसरा नंबर धोक्याचा आहे, आणि मधला, म्हणजे कच्चं हाड, तेवढा नीट निवडून दिला तर चालण्यासारखा.

शिजलेलं हाड का नको

हाड म्हणजे नुसता दगड नव्हे. त्यात चुन्यासारखी खनिजं असतात आणि त्यांना धरून ठेवणारा चिवट धाग्यांचा पदार्थ असतो. या धाग्यांमुळे ताजं हाड किंचित वाकतं, दाताखाली चेपतं. हाड शिजवलं की हे धागे विरघळून रश्श्यात उतरतात. पायाचा रस्सा गार झाल्यावर चिकट थिजतो, तो यामुळेच. आपल्या रश्श्याला चव येते खरी, पण मागे उरतं ते कोरडं, ठिसूळ हाड. ते चावलं की चुरा होत नाही, उभं चिरतं आणि त्याच्या सुया होतात. कोंबडीचं शिजलेलं तंगडीचं हाड हाताने मोडून बघा, टोक बोटाला टोचेल. कुत्रं ते चघळत बसत नाही, दोन चाव्यांत गिळतं. मग ती टोकं हिरडीत, घशात, अन्ननलिकेत किंवा आतड्यात रुततात. काही वेळा आतडं फाटतं. काही वेळा तुकडे मोठ्या आतड्यात साचून त्यांचा दगडासारखा गोळा बनतो.

"कुकरमध्ये तर मऊ होतं की," असं वहिनी म्हणते. आपल्या चार-पाच शिट्ट्यांत हाडाची टोकं मऊ होतात, मधला भाग कडकच राहतो. आणि समजा चिमटीत पिठासारखं होईपर्यंत शिजवलं, तरी त्याला लागलेल्या मसाल्याचं काय? कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशींना मारक असतात. शिवाय मीठ, तिखट आणि वरची तर्री. सावजी रश्श्यातलं हाडूक माणसाला घाम फोडतं, ते त्या मुक्या जिवाच्या पोटात काय करत असेल? भाजलेलं, तळलेलं, तंदुरी, बिर्याणीतलं, सगळ्यांना हाच नियम लागू. विस्तवावर गेलेलं हाड कुत्र्याला द्यायचं नाही.

आमच्या दादाच्या शेरूची गोष्ट याच जातीची. काही वर्षांपूर्वी करीच्या दिवशी घरी पाहुणे होते, परात भरली आणि नेहमीप्रमाणे शेरूच्या पुढे गेली. दुसऱ्या दिवशी तो खाईना. तिसऱ्या दिवशी सारखा बसून कुंथायचा, पण होत काहीच नव्हतं. मग उलट्या सुरू झाल्या. दादाला वाटलं उन्हामुळे, आईने ताक पाजलं. चौथ्या दिवशी त्याला गाडीत घालून नागपूरला नेलं. एक्स-रेमध्ये शेवटच्या आतड्यात पांढऱ्या तुकड्यांचा गच्च गोळा दिसला. गुंगी देऊन, एनिमा देऊन डॉक्टरांनी तो थोडा थोडा करत बाहेर काढला. पोट फाडावं लागलं नाही, हे नशीब. डॉक्टर दादाला म्हणाले, "सण झाला की दोन दिवसांनी असे कुत्रे येतातच." शेरू वाचला. पण किती कुत्री अशी कोपऱ्यात पडून मरत असतील आणि आपण म्हणत असू की काहीतरी विषारी खाल्लं असेल.

कच्चं हाड : द्यायचं तर कसं

आता कच्च्या हाडाकडे येते. कच्चं म्हणजे निर्धोक, असा अर्थ मुळीच नाही. त्यातही तीन धोके आहेत. दात तुटणं, घशात अडकणं आणि जंतू. हे तिन्ही सांभाळून कसं द्यायचं ते क्रमाने सांगते.

पहिली गोष्ट, हाडाचा कडकपणा. मोठ्या कुत्र्याला बेचाळीस दात असतात. त्यात वरच्या जबड्यात दोन्ही बाजूंना एकेक मोठा दात कात्रीच्या पात्यासारखा असतो, त्याने कुत्रं हाड फोडतं. कडक हाडावर जोर दिला की याच दाताची बाहेरची कपची उडते, आतली नस उघडी पडते आणि तो सडतो. म्हणून म्हशीची किंवा मोठ्या जनावराची मांडीची नळी देऊ नये. पशुवैद्य एक सोपी परीक्षा सांगतात. ते हाड आपल्याच गुडघ्यावर हलकं आपटून बघा. गुडघा कळवळला तर ते दातांसाठीही कडकच आहे. तसंच नळी आडवी कापून केलेल्या गोल कड्या देऊ नयेत. त्या खालच्या जबड्यात बांगडीसारख्या अडकून बसतात आणि मग कापूनच काढाव्या लागतात.

दुसरी गोष्ट, आकार. हाड कुत्र्याच्या तोंडापेक्षा मोठं असावं, म्हणजे त्याला ते गिळता येणार नाही, कुरतडावंच लागेल. इथे आपल्या खाटकाची पद्धत आडवी येते. आपल्याला रश्श्यासाठी लहान तुकडे हवेत, म्हणून तो सत्तूरने खटाखट तोडतो. त्या तुकड्यांना कच्चेपणीही धारदार कडा असतात, आणि ते अगदी एका घासात गिळण्याएवढे असतात. कुत्र्यासाठी घ्यायचं तर आधीच सांगून ठेवावं. माझा दादा आता सौंसरच्या बाजारात म्हणतो, "भाऊ, गर्दन तोडू नका, अख्खी द्या." मानेचा मोठा तुकडा, पाठीचा मणका किंवा मांस लागलेल्या छातीच्या बरगड्यांची जोडलेली पट्टी हे मध्यम आणि मोठ्या कुत्र्याला बरं. मांस लागलेलं असलं की कुत्रं ते ओढत, सोलत बसतं. कोंबडीची कच्ची मान किंवा पंख लहान कुत्र्याला देतात, पण अधाशी कुत्रं मान अख्खीच गिळतं. तशी सवय असेल तर नकोच.

तिसरी गोष्ट, किती आणि कधी. आठवड्यातून एखाद-दोन वेळा पुरे. जेवणानंतर, पोट थोडं भरलेलं असताना, पंधरा-वीस मिनिटं द्यावं आणि आपण समोर बसावं. शेवटचा लहान तुकडा उरला की तो काढून घ्यावा, कारण घशात अडकतो तो हाच तुकडा. दुसऱ्या दिवशी शी पांढरी, खडूसारखी आणि कोरडी झाली तर हाड जास्त झालं असं समजावं. उलट पातळ झाली तर बहुतेक वेळा नळीतल्या मगजाची किंवा चरबीची ती करामत असते. लहान पिल्लू, दात झिजलेलं म्हातारं कुत्रं, पोटाचं किंवा स्वादुपिंडाचं दुखणं झालेलं कुत्रं यांना हाड देऊच नये.

चौथी गोष्ट, ताजेपणा आणि स्वच्छता. कच्च्या मांसात आणि कोंबडीत साल्मोनेला आणि तसेच इतर जंतू असतात. कुत्र्याला त्रास न होताही ते त्याच्या शीतून आणि तोंडातून घरात पसरतात. लहान मुलं, गरोदर बाई आणि आजारी म्हातारी माणसं यांना त्याचा त्रास जास्त. फ्रिजरमध्ये ठेवल्याने हे जंतू मरत नाहीत, नुसते झोपतात. म्हणून त्याच दिवशी आणलेलं हाड द्यावं. उन्हाळ्यात सौंसरला पारा चाळिशीच्या वर जातो आणि आपल्या भागातही दुपार काही थंड नसते. अशा दिवसांत तासभर पडलेलं हाड उचलून टाकून द्यावं. देण्याची जागा एकच ठेवावी, अंगणातली फरशी किंवा जुनं पोतं, सहज धुता येईल असं. स्वयंपाकघरात नको. नंतर साबणाने हात धुवावेत आणि त्या वेळी कुत्र्याने कुणाचं तोंड चाटू देऊ नये.

चावरेपणाचा प्रश्न

"कच्चं खाल्लं का कुत्रं चावरं होते, ताई," हे दादाचं म्हणणं. आपल्याकडे "रक्ताची चटक" म्हणतात. कच्च्या मांसाने कुत्र्याचा स्वभाव क्रूर होतो, याला आधार नाही. पण या समजुतीच्या मागे एक खरी गोष्ट आहे. हाड ही कुत्र्याच्या लेखी मौल्यवान वस्तू. गरीब कुत्रंही हाड तोंडात असताना गुरगुरतं. ते हाड कच्चं की शिजलेलं, याच्याशी त्याचा संबंध नसतो. कुणी हिसकावून घेईल, ही त्याला भीती असते. म्हणून हाड देताना मुलांना लांब ठेवावं. दोन कुत्री असतील तर दोघांना वेगळ्या जागी द्यावं. काढून घ्यायचं असेल तर ओढाताण करू नये. तुपाचा हात लावलेला भाकरीचा तुकडा किंवा उकडलेल्या अंड्याचा घास दाखवावा, कुत्रं हाड सोडतं तेव्हा ते उचलावं.

चावलंच, तर घरातलं कुत्रं म्हणून दुर्लक्ष करू नये. जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुवावी. हळद, चुना, तिखट काहीही भरू नये. आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लशीचं विचारावं.

फुप्फुसावरची पाण्याची गाठ

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते सांगते. हाडाने कुत्र्याला त्रास होतो. पण करीच्या सकाळी, जत्रेच्या दिवशी कापताना जो कच्चा कोथळा कुत्र्यांपुढे टाकतो, त्याचा त्रास आपल्या घरातल्या लेकरापर्यंत येऊ शकतो.

बोकड, मेंढी, गाय, म्हैस यांच्या फुप्फुसावर किंवा कलेजीवर कधी कधी पांढरट, पाण्याने भरलेला फुगा दिसतो. वाटाण्याएवढा असतो, लिंबाएवढा असतो, मोठा झाला तर संत्र्याएवढाही. कापणारा माणूस "खराब आहे" म्हणतो आणि तो भाग तोडून कुत्र्याकडे फेकतो. आपल्याला वाटतं, वाईट वस्तू घरातून गेली. खरं तर ती तिथून पुढे निघते. त्या फुग्यात एका चपट्या जंताची असंख्य सूक्ष्म पिल्लं असतात. कुत्र्याने तो खाल्ला की ती त्याच्या आतड्यात वाढतात. पुरा वाढलेला जंत जेमतेम काही मिलिमीटरचा, डोळ्यांना सहसा दिसतही नाही. साधारण सहा-सात आठवड्यांत त्याची अंडी कुत्र्याच्या शीतून बाहेर पडू लागतात. कुत्रं मात्र ठणठणीत असतं, काहीच कळत नाही. ती अंडी गवतावर पडतात, शेळ्या-मेंढ्या खातात आणि त्यांच्या पोटात पुन्हा तेच फुगे तयार होतात.

माणूस या चक्रात मध्येच सापडतो. कुत्र्याच्या केसांना अंडी चिकटलेली असतात. मूल त्याला कुरवाळतं आणि तोच हात तोंडात घालतं. कोथिंबीर, मेथी न धुता खाल्ली जाते. मग अंड्यातून निघालेलं पिल्लू माणसाच्या यकृतात किंवा फुप्फुसात जाऊन बसतं आणि तिथे पाण्याची गाठ हळूहळू वाढत राहते. कित्येक वर्षं काही कळत नाही. दहा वर्षांच्या वयात शिरलेली गाठ तिशीत पोट दुखल्यावर सोनोग्राफीत सापडते. डॉक्टर तिला हायडॅटिड सिस्ट म्हणतात. काहींना औषधं पुरतात, पुष्कळांना मोठी शस्त्रक्रिया लागते. गाठ आत फुटली तर जिवावर बेततं. एक गोष्ट इथे स्पष्ट करते. हा रोग मटण खाऊन होत नाही. तो कुत्र्याच्या पोटातून आलेल्या अंड्यांनी होतो. आणि कुत्र्याच्या पोटात तो जंत आपण टाकलेल्या कोथळ्यातून जातो.

धनगर-कुरुबर मंडळींना याचाच एक भाऊबंद ठाऊक असेल. कळपातलं एखादं मेंढरू एकाच बाजूला मान करून गोल गोल फिरू लागतं आणि शेवटी मरतं. त्याच्या मेंदूत अशीच पाण्याची गाठ असते, मात्र जंत दुसऱ्या जातीचा. त्या मेलेल्या मेंढराची मुंडी राखणीच्या कुत्र्यांनी कच्ची खाल्ली की पुढच्या वर्षी कळपात आणखी मेंढरं फिरू लागतात.

हे थांबवता येतं का? येतं, आणि थांबवून दाखवलेलं आहे. आइसलँड हा मेंढ्यांचा देश. तिथे एकोणिसाव्या शतकात हा रोग घरोघरी होता. १८६३ मध्ये हाराल्ड क्राब्बे नावाचा डेन्मार्कचा संशोधक तिथे गेला, त्याने कुत्री आणि मेंढ्या तपासल्या आणि हे चक्र लोकांच्या भाषेत समजावून सांगणारी एक छोटी पुस्तिका लिहिली. ती पुढच्या वर्षी तिथल्या लोकांत वाटली गेली. १८६९ मध्ये कुत्र्यांविषयी कायदाही झाला. तिथली माणसं वाचणारी होती. गाठी कुत्र्यांना टाकायच्या नाहीत, पुरायच्या किंवा जाळायच्या, एवढं त्यांनी मनावर घेतलं आणि पुढच्या पिढ्यांत हा रोग त्या देशातून नाहीसा झाला. न्यूझीलंडमध्येही कुत्र्यांना कच्चा कोथळा घालण्यावर बंदी आणि कुत्र्यांना जंताचं औषध, या दोन गोष्टींवर अनेक वर्षं जोर दिला गेला आणि २००२ मध्ये तो देश या रोगातून मुक्त झाल्याचं जाहीर झालं. त्यासाठी लागल्या त्या दोनच गोष्टी, सवय आणि औषध.

आपल्यालाही तेवढंच करायचं आहे. कापताना कुत्री बांधून किंवा हाकलून लांब ठेवावीत. फुप्फुस, कलेजी, आतडी आणि मुंडी कुत्र्याला कच्ची द्यायची नाही. द्यायचीच असेल तर बारीक तुकडे करून किमान अर्धा तास खळखळ उकळून द्यावी. फुप्फुस, कलेजी आणि आतड्यांत हाड नसतं, त्यामुळे ती शिजवण्याचा तोटा नाही; मुंडीतलं हाड मात्र देऊ नये. पाण्याचा फुगा दिसला तर तो फोडू नये. तो भाग जाळावा किंवा कुत्र्याला उकरता येणार नाही इतका खोल पुरून वर दगड ठेवावेत. पालिकेच्या कत्तलखान्यात जनावर तपासणारा पशुवैद्य असायला हवा. शेतात कापलं की तपासणारे आपणच.

कुत्र्याला जंताचं औषध तीन महिन्यांनी द्यावं. पण दुकानात "जंताची गोळी द्या" म्हणून मिळेल ती घेऊ नये. या चपट्या जंतावर प्राझिक्वांटेल हे औषध लागतं. साध्या गोळीत ते असतंच असं नाही. कुत्र्याचं वजन सांगून पशुवैद्याकडून ती लिहून घ्यावी. औषध दिल्यानंतर दोन-तीन दिवस त्याची शी उचलून पुरावी, आणि मुलांना कुत्र्याशी खेळून झाल्यावर हात धुवायची सवय लावावी.

हाड द्यायलाच हवं का?

याचं सरळ उत्तर नाही असं आहे. १९९३ साली इयान बिलिंगहर्स्ट या ऑस्ट्रेलियन पशुवैद्याने कच्ची हाडं आणि कच्चं मांस हाच कुत्र्याचा खरा आहार, असं पुस्तक लिहून मांडलं आणि ते मत जगभर पसरलं. उलट अमेरिकेतल्या पशुवैद्यांच्या संघटनेने २०१२ मध्ये कच्चं मांस देण्याविरुद्ध भूमिका घेतली, कारण जंतूंचा धोका. लांडग्याचा वंश म्हणून लांडग्याचंच खाणं, हा युक्तिवादही पुरता बरोबर नाही. स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवून दिलं की माणसाजवळ राहून कुत्र्याच्या जनुकांतच फरक पडला आहे, आणि पिठूळ अन्न पचवण्याची ताकद त्याला लांडग्यापेक्षा कितीतरी जास्त आहे. म्हणजे सौंसरची ज्वारीची भाकरी आणि आपल्याकडची जोळदा रोट्टी खाऊन हजारो वर्षं जगलेला हा प्राणी आहे. नुसत्या भाकरीवर त्याचं पोषण पुरं होत नाही, एवढंच. अंडं, डाळ, दही, थोडं शिजलेलं बिनहाडाचं मांस जोडीला हवं. नुसतं मांस आणि हाड अजिबात नाही, असा आहार असेल तर चुन्याची कमतरता पडते. ती कशी भरून काढायची ते डॉक्टरांना विचारावं.

आपल्या वाचकांत मांसाहार न करणारी घरं पुष्कळ आहेत. त्यांनी कुत्र्यासाठी म्हणून हाडं आणायलाच हवीत असं नाही. चघळायला दोरीची गाठ किंवा रबराचं जाड खेळणं पुरतं. दात साफ राहावेत म्हणून कुत्र्यांची टूथपेस्ट मिळते. माणसांची मात्र वापरू नये.

ही लक्षणं दिसली तर थांबू नका

हाड खाल्ल्यावर कुत्रं पंज्याने तोंड खरवडू लागलं, लाळ गळू लागली, पुन्हा पुन्हा उलट्या झाल्या, कुंथूनही शी होत नसेल, शीत रक्त किंवा ती डांबरासारखी काळी दिसली, पोट ताणलं किंवा हात लावू देईना, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावं. घशात हात घालून ओढू नये, मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नये, तेल जबरदस्तीने पाजू नये. ते श्वासनळीत गेलं तर दुसरंच दुखणं उभं राहतं. मध्य प्रदेश, कर्नाटक आणि महाराष्ट्र, तिन्हीकडे पशुवैद्यकीय मदतीसाठी १९६२ हा क्रमांक आहे. तो मोबाइलमध्ये घालून ठेवावा.

राहिली गल्लीतली कुत्री. घरची हाडं दारासमोर टाकली की चार गल्ल्यांची कुत्री तिथे जमतात, भांडतात आणि शाळेत जाणारं पोर त्यांच्यामध्ये सापडतं. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात रस्त्यावर कुठेही कुत्र्यांना खाऊ घालू नये आणि पालिकांनी प्रत्येक प्रभागात त्यासाठी जागा ठरवावी, असं सांगितलं. माया करायची तर त्यांना भाकरी-भात द्यावा, तोही ठरलेल्या जागी. हाडं नकोत.

मग परातीतल्या हाडांचं काय करायचं? घट्ट झाकणाच्या डब्यात टाकून घंटागाडीत द्यावीत, नाहीतर परसात खोल पुरावीत. नारळ, संत्री, लिंबू यांच्या झाडाला त्यांचा खत म्हणून उपयोगच होतो. येत्या सणाला किंवा जत्रेला तुमच्याकडे बोकड कापला जाणार असेल, तर कापणाऱ्या माणसाला पाण्याच्या फुग्याची गोष्ट आधी सांगा. मराठीत सांगा, कानडीत सांगा, पण सुरी हातात घेण्याआधी सांगा.